तीच यादी पुन्हा यावी म्हणून

भाऊजी, चूक सापडली. ती तुम्हाला माझ्याआधीच सापडली होती, हेही त्यानंतर पाच मिनिटांत सापडलं. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं आहे.

तुमचे दिवस होऊन तीन आठवडे झाले. माणसं आपापल्या घरी गेली. शोभाने, माझ्या गुणी जावेने, तुमचे शर्ट वाटून टाकले, पुस्तकं कॉलेजला दिली आणि लॅपटॉप माझ्या हातात ठेवला. "ताई, यातलं मला काही कळत नाही. तुम्ही दोघं काय भांडत होता ते तुम्हीच बघा," म्हणाली. मी बघितलं.

आधी एक गोष्ट साफ करते. वसतिगृहाच्या प्रकरणात तुम्ही हाय खाल्ली आणि गेलात, असं चारजण कुजबुजतात. मी त्यांना गप्प करते. तुमच्या हृदयाची झडप पंधरा वर्षं खराब होती, ऑपरेशन तुम्ही तीनदा पुढे ढकललं आणि तिन्ही वेळा कारण सांगितलं उत्तरपत्रिकांचं. सोडतीने माणूस मरत नाही. पण सोडतीवरून माणसाच्या माघारी काय बोललं जाईल हे ठरू शकतं, आणि ते तुमच्या बाबतीत चुकीचं ठरायला लागलं होतं. म्हणून हे लिहिते आहे. क्रमाने सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण क्रमाने सांगितल्याशिवाय मला विचार करता येत नाही, हेही तुम्हाला माहीत आहे.

आपल्या मराठी मंडळाचं विद्यानगरातलं मुलींचं वसतिगृह. नांदेड, आदिलाबाद, निजामाबादकडच्या शेतकरी घरांतल्या पोरी तिथे राहून शिकतात. दर जूनमध्ये पंधरा-वीस खाटा रिकाम्या होतात आणि अर्ज येतात त्याच्या तिप्पट. पूर्वी स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढायचे. एका वर्षी एका विश्वस्ताच्या भाचीची चिठ्ठी जरा जाड कागदाची निघाली आणि सभागृहात खुर्च्या सरकल्या. ती खरंच मुद्दाम जाड होती की नाही, ते आजवर कुणाला माहीत नाही. तुम्ही तेव्हा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होता. उभे राहून म्हणालात, "डबा बंद. मी प्रोग्रॅम लिहून देतो."

लोकांना वाटलं, डब्याच्या जागी कॉम्प्युटर आला, म्हणजे आता चोरी दिसणारही नाही. तुमची सगळी करामत त्याच्या उलट होती. सोडतीच्या दिवशी सभागृहातल्या कुणीही सहाजणांनी एकेक अंक सांगायचा, ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत. कुणी तेलुगूत 'एडु' म्हणायचं, कुणी हिंदीत 'नौ', कुणी मराठीत 'पाच'. तुम्ही ते खडूने फळ्यावर मांडायचात. तो सहा अंकांचा आकडा प्रोग्रॅमला द्यायचा. त्या आकड्यावरून प्रोग्रॅम संख्यांची एक लांबलचक मालिका तयार करणार. मालिका दिसायला अगदी बेताल, पण आकडा तोच दिला की मालिका तीच, आणि मालिका तीच असली की निवडलेली नावं तीच. यादीखाली आकडा छापून ती भिंतीवर लावायची आणि तिच्याखाली तुमच्या टपोऱ्या अक्षरात एक ओळ: ज्याला शंका असेल त्याने जुलैतल्या कोणत्याही रविवारी अकरा वाजता यावं, हाच आकडा स्वतःच्या हाताने घालून यादी पुन्हा काढून बघावी.

आठ वर्षं कुणी आलं नाही. तुम्ही मात्र दर रविवारी वसतिगृहाच्या ऑफिसात प्रोग्रॅम उघडून बसायचात आणि रेक्टरबाईंचा चहा प्यायचात.

"भाऊजी, दुकान उघडून बसता, पण गिऱ्हाईक कुठे आहे?" मी चिडवायची.

"वहिनी, गिऱ्हाईक नाही म्हणजेच धंदा चांगला चाललाय."

मी या सगळ्यात कशी आले, तर तुमच्यामुळेच. लग्न होऊन विद्यानगरच्या घरात आले तेव्हा मी बी.कॉम. होते आणि दिवसभर सगळ्यांच्या चुका काढायची. दूधवाल्याच्या, सासूबाईंच्या, पेपरात छापून आलेल्या बातम्यांच्या. तुमच्या दादांनी हसून सोडून दिलं. तुम्ही मला सुलतान बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानात नेऊन सॉफ्टवेअर टेस्टिंगचं एक फाटकं पुस्तक घेऊन दिलंत. "चुका काढण्याचा पगार देणारी ऑफिसं निघालीत वहिनी. तुम्ही इथे फुकट कशाला काढता?" आज कुकटपल्लीच्या ऑफिसात माझ्या हाताखाली अकराजणी टेस्टिंग करतात. तुम्ही तेव्हा थट्टेत बोलत होता की मनापासून, हे मी कधी विचारलं नाही.

आणि नाणं. एका दुपारी तुम्ही मला म्हणालात, शंभर वेळा नाणं उडवून छापा-काटा लिहा, आणि दुसऱ्या कागदावर न उडवता, मनानेच शंभर वेळा लिहा. मग दोन्ही कागद उलटसुलट करून माझ्याकडून घेतलेत आणि एका नजरेत ओळखलंत कोणता खोटा. मी विचारलं कसं. "खोट्यात कुठेही लागोपाठ पाच छापे नाहीत. माणूस लिहायला घाबरतो. नाणं घाबरत नाही." मला त्या दुपारपासून या विषयाची चटक लागली. तुमचा सोडतीचा प्रोग्रॅम दरवर्षी मी तपासायची, ती वहिनी म्हणून नव्हे किंवा उपकार म्हणून नव्हे. मजा यायची म्हणून.

आता या वर्षाचं. एप्रिलमध्ये मीच म्हटलं, "तुमचा प्रोग्रॅम फार कोरडा आहे. बटण दाबलं की अठरा नावं एकदम पडद्यावर येतात. मागे बसलेल्या बायकांना वाटतं, यादी आधीच तयार होती. नावं फिरली पाहिजेत. चक्रासारखी. एकेक नाव थांबलं पाहिजे."

"हा काय लग्नातला ऑर्केस्ट्रा आहे का?"

"लोकांना दिसलं पाहिजे की काहीतरी निवडलं जातंय."

"दिसण्यासाठी फळा आहे, खडू आहे."

पण मी ऐकणारी नव्हे. माझ्या ऑफिसातल्या एकीने एक लायब्ररी सुचवली. दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेलं तयार सामान असतं, ते आपल्या प्रोग्रॅमला जोडायचं, त्याला आमच्याकडे लायब्ररी म्हणतात. या लायब्ररीत चक्र होतं. नावं गरगर फिरायची, रंग बदलायचे, शेवटी कागदाचे तुकडे उडायचे. मी तुमच्या प्रोग्रॅममध्ये तीन ओळी घातल्या. चक्र नुसतं दाखवण्यापुरतं होतं. ते कुठे थांबायचं ते तुमचाच प्रोग्रॅम ठरवणार होता. मग मी तपासलं. अठराच नावं येतात ना, एक नाव दोनदा येत नाही ना, लांब नाव पडद्याबाहेर जात नाही ना. सगळं ठीक. तोच आकडा पुन्हा घातला तर तीच यादी येते का, हे तपासलं नाही. आठ वर्षं येत होती. येणारच, असं धरून चालले.

सोडत थाटात झाली. चक्र फिरलं तेव्हा पोरींनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत, म्हणजे हरलो.

आणि मग जुलैच्या दुसऱ्या रविवारी गिऱ्हाईक आलं. अश्विनी नावाची मुलगी, भैंसाकडची, कॉम्प्युटरची पदवी करणारी. प्रतीक्षायादीत पहिली. सोबत तिचे वडील. मी तिथे नव्हते, पण तुमच्याकडून आणि रेक्टरबाईंकडून सगळं ऐकलं. तुम्ही खुश झालात. खुर्ची दिलीत, चहा मागवलात. बापाने भिंतीवरचा आकडा मोठ्याने वाचला, पोरीने घातला, चक्र फिरलं आणि अकराव्या नंबरवर तिचं स्वतःचं नाव येऊन थांबलं. भिंतीवरच्या यादीत अकराव्या नंबरवर दुसरीच मुलगी होती, जी वरच्या मजल्यावर गादी घालून तीन आठवडे राहत होती.

तुम्ही पुन्हा घातलात. तिसरीच यादी आली. पुन्हा. चौथी, त्यात अश्विनी चौथी. तुम्ही त्यांना म्हणालात, "काहीतरी चुकतंय. काय, ते मला आत्ता सांगता येत नाही." बाप जिना उतरताना मोठ्याने म्हणाला, की डबा काय आन् डबडं काय, सगळं एकच.

त्याच संध्याकाळी तुम्ही बसने कुकटपल्लीला आमच्याकडे आलात.

"तीन वेळा काढली वहिनी. तिन्ही वेळा वेगळी."

"आकडा चुकीचा घातला असेल."

"बापाने वाचला, पोरीने घातला, मी बघितला."

"मग मशीन बिघडलं."

"बिघडलेलं मशीन बंद पडतं. अठरा नावं नीट छापून देत नाही."

मी व्यवहाराचं बोलले. भिंतीवरच्या यादीत कुणाचा वशिला नव्हता. ती सगळ्यांसमोर निघाली. अठरा पोरी ट्रंका घेऊन आल्या, कॉलेजं सुरू झाली. तीच यादी ठेवायची आणि प्रकरण मिटवायचं. तुम्हाला भिंतीवर कागद लावायचा होता, की ही यादी तपासून दाखवता आलेली नाही. मंडळाचे सेक्रेटरी नाईककाका तो लावू देत नव्हते आणि मी त्यांच्या बाजूने होते.

"वशिला नव्हता, हौ. पण ते तुम्हाला आणि मला माहीत आहे."

"पुरे की तेवढं."

"मग चिठ्ठ्यांचा डबा काय वाईट होता? आत काय आहे ते डबा भरणाऱ्याला माहीत असायचंच. आपण जबान दिली होती, की आमच्यावर विश्वास ठेवू नका, येऊन तपासा. ती पोरगी तपासायला आली."

"जबान देताना या अठरा पोरींना विचारलं होतं का? त्यांची झोप उडवून तुम्हाला काय मिळणार?"

तुमचे दादा मध्ये पडले, "अरे, चहा घे आधी." तुम्ही कप उचललात. आणि मी म्हणाले, "तुम्हाला पोरींचं काही नाही भाऊजी. तुम्हाला तुमचं नाव स्वच्छ करून पाहिजे."

"असेल," म्हणालात. कप अर्धा भरलेला खाली ठेवलात आणि चपला घातल्यात.

ते वाक्य मी परत घेत नाही, कारण त्यात थोडं खरं होतं. पण सगळं खरं त्यात नव्हतं, एवढं तुम्हाला दुसऱ्या दिवशी फोन करून सांगायला हवं होतं. केला नाही. गुरुवारी तुमचाच फोन आला, ऑफिसच्या वेळात.

"वहिनी, एकच विचारायचं होतं. तुमचं चक्र एका नावाला किती वेळ फिरतं?"

"चार सेकंद."

"चार सेकंदांत किती वेळा नाव बदलतं? ठरलेलं आहे का काही?"

"मी मीटिंगमध्ये आहे भाऊजी. बदलतं तितकं बदलतं."

"हौ, ठीक आहे. परेशान नका होऊ."

रविवारी धाकट्या वन्संच्या लेकीच्या डोहाळजेवणाला आपण समोरासमोर बसलो. तुम्ही पुरणपोळी दोनदा मागून घेतलीत आणि माझ्या गुडघ्याची चौकशी केलीत. सोडतीचा विषय नाही. मंगळवारी तुम्ही गेलात.

तर लॅपटॉप. मी पद्धतीने निघाले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि यादी पुन्हा काढायची. नावांचा क्रम हलतोय का, बघितलं. तेलुगूत लिहिलेली नावं गोंधळ करतायत का, बघितलं. प्रोजेक्टर काढला, प्रिंटर काढला. याद्या वेगळ्याच. माझ्या स्वतःच्या तीन ओळींकडे मी नवव्या नंबरला वळले. ऑफिसात नव्या पोरींना पहिल्याच दिवशी सांगते, की काही बिघडलं तर आधी सगळ्यात शेवटचा बदल काढून बघा. शेवटचा बदल माझा होता, म्हणून तो बदल आहे हेच माझ्या डोक्यात आलं नाही.

तीन ओळी काढल्या. आता दरवेळी एकच यादी. पुन्हा तीच. पाच वेळा तीच.

पण का, ते अजून कळलं नव्हतं. चक्र तर काही ठरवत नव्हतं, नुसतं फिरत होतं. मग मी प्रोग्रॅमला सांगितलं, की मालिकेतली प्रत्येक संख्या कुणी घेतली ते लिहून ठेव. आणि जे दिसलं ते अगदी साधं होतं.

असं समजा, दवाखान्यात टोकनचा रोल आहे. नंबर उलटेसुलटे छापलेले, पण रोलवर त्यांचा क्रम पक्का. फळ्यावरचा आकडा म्हणजे कोणता रोल घ्यायचा ते. तुमचा प्रोग्रॅम एक टोकन फाडणार आणि त्यावरच्या नंबरचं नाव निवडणार, दुसरं फाडणार, दुसरं नाव. रोल तोच, म्हणून नावं तीच. आता शेजारी एक माणूस बसलाय, त्याला रंगीत पताका करायला कागद हवाय, आणि तोही त्याच रोलचे तुकडे फाडतोय. चक्रात पुढचं नाव कोणतं दाखवायचं, कोणता रंग द्यायचा, कागदाचे तुकडे कुठे उडवायचे, प्रत्येक गोष्टीला त्या लायब्ररीला एक बेताल संख्या लागत होती, आणि ती स्वतःचा रोल न आणता तुमच्याच रोलवरून घेत होती. कुणाला न विचारता, कुठे न सांगता. चोरी करायची म्हणून नाही. लिहिणाऱ्याच्या मनातच आलं नसेल, की या रोलवर कुणाची तरी खाट अवलंबून आहे. चक्र फिरायचं चार सेकंद, पण चार सेकंदांत किती तुकडे फाटतील ते मशीन त्या क्षणी किती कामात आहे त्यावर ठरायचं. एकदा एकशेएक्केचाळीस, एकदा एकशेअडतीस. त्यामुळे तुमच्या हाती दरवेळी वेगळं टोकन यायचं.

चार सेकंदांत किती वेळा, ठरलेलं आहे का. तुम्ही गुरुवारीच बरोबर त्या जागेवर बोट ठेवून उभे होता.

मी मोठ्याने "हौ" म्हणाले. घरात कुणी नव्हतं. तो माझा शब्द नव्हे, तुमचा. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. मी वाईट वाटायच्या तयारीत बसले होते, ते वाटायचं राहूनच गेलं. कसलीही लबाडी नाही, बिघाड नाही, प्रत्येक ओळ आपापल्या जागी बरोबर, आणि तरीही एकत्र आल्यावर खोटं. असली चूक तुम्हाला सांगण्यात जी मजा आली असती, तिला आता जागा नाही. दुःख मला त्या टोकाने टोचलं.

मग दुरुस्ती साठवायला गेले तर तिथे आधीच एक फाईल होती. शुक्रवारची. तुमची. तुम्ही माझ्या तीन ओळींना हात लावला नव्हता. तुम्ही तुमच्या सोडतीला स्वतःचा स्वतंत्र रोल दिला होता, जो दुसऱ्या कुणाच्या हाताला लागणार नाही. तुमच्या सवयीने शेजारी इंग्रजी अक्षरांत मराठी टीप होती: हा डबा वेगळा. यात कुणी हात घालू नये. चक्र ज्यांना हवं त्यांनी फिरवावं.

फळ्यावरचा आकडा घालून काढलेली यादीही होती. मी गेल्या वर्षीच्या जुन्या प्रोग्रॅमलाही या वर्षीचे अर्ज आणि तोच आकडा दिला. तीच यादी. म्हणजे सोडतीच्या दिवशी चक्र नसतं, तर हीच निघाली असती. भिंतीवरच्या अठरांपैकी तिच्यात सातच जणी आहेत. अश्विनी नाही. ती मधल्या दोन याद्यांत होती, त्या दोन्ही माझ्या चक्राने पाडल्या होत्या.

शुक्रवार ते मंगळवार, चार दिवस तुम्ही गप्प राहिलात. तुम्ही. गप्प. एक सिद्धता सापडली की पहाटे फोन करणारा माणूस. मी यावर रोज विचार करते. मला वाचवायचं होतं? मग लॅपटॉप साफ केला असता. वहीतल्या चुका तुम्ही कुणाच्या झाकल्या नाहीत, सख्ख्या पुतण्याच्याही नाहीत. की या यादीत नसलेल्या, वरच्या मजल्यावर राहायला आलेल्या अकरा पोरी डोळ्यांसमोर आल्या आणि माझं म्हणणं पटलं? तसं असेल तर मला त्याचा आनंद नाही. माझं म्हणणं मला स्वतःलाच आता पुरतं पटत नाही. की डोहाळजेवणात बोलायचं नव्हतं, सोमवारी कंटाळा आला, बुधवारी सांगू म्हणालात? बहुतेक हेच. माणसं बहुतेक वेळा बुधवारी सांगणार असतात. पण मला माहीत नाही, आणि हे तपासायला कोणतंही बटण नाही. तुमच्याविषयी मला पहिल्यांदाच एखादी गोष्ट कळणार नाही, आणि त्याची सवय मला करून घ्यावी लागेल.

मंडळाची बैठक गेल्या रविवारी झाली. अश्विनी आणि तिचे वडील आले होते. नाईककाकांनी ठराव लिहूनच आणला होता. दिवंगत सरांच्या प्रोग्रॅममध्ये दोष आढळल्याने पुढील वर्षापासून चिठ्ठ्या. मला म्हणाले, "सर गेले. आता त्यांच्यावर कुणी बोट उचलणार नाही. विषय संपतो."

"प्रोग्रॅममध्ये दोष नव्हता. तो मी बाहेरून आणून घातला," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. टोकनच्या रोलसकट.

"बाई, तुमचं नाव मध्ये कशाला आणता?"

"ते मध्येच आहे. त्याला काढता येत नाही."

अश्विनीचे वडील कंटाळले होते. "मॅडम, इतकं लंबं नका सांगू. माझ्या पोरीचं नाव दोनदा आलं होतं. सीट देता का नाही?"

मी त्यांना तुमची शुक्रवारची यादी दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. मंडळाने ठरवलं की राहायला आलेल्या पोरींना उठवायचं नाही. मी मत दिलं नाही. एक मात्र मागून घेतलं. कागद भिंतीवर लागेल. दोन्ही याद्या शेजारी शेजारी, काय झालं ते चार ओळींत, आणि खाली माझं नाव. तुम्हाला लावायचा होता तो कागद, आणि मी नको म्हणाले होते. लावला. ज्या अकरा पोरी तुमच्या यादीत होत्या आणि भिंतीवर नव्हत्या, त्यांच्या घरी मी एकेक फोन केला. दोघींच्या घरून शिव्या खाल्ल्या. एकीची आई म्हणाली, बरं झालं सांगितलंत. बाकीच्यांनी ऐकून घेतलं.

पुढच्या वर्षी प्रोग्रॅम की डबा, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात अश्विनी पहिल्यांदा बोलली. ती मराठी जपून, शब्द शोधत बोलते. "मॅम, चक्र नंबर घेत होतं, ते समजलं. पण त्याशिवाय अजून कोणी घेत नाही, हे कसं समजलं?"

भाऊजी, हा प्रश्न मी विचारला नव्हता. सापडलेल्या चुकीवर इतकी खुश झाले होते.

"नाही समजलं," मी म्हणाले. "सरांनी सोडतीचा रोल वेगळा केलाय. तिथवर कुणाचा हात पोचत नाही, असा माझा अंदाज आहे."

"चेक करू?"

नाईककाकांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "शंका घेणारी हीच आहे. हिचं समाधान झालं तर ठीक. नाही तर डबा."

ती बसली. आकडा घातला, चक्र फिरलं, अठरा नावं आली. तिने शुक्रवारच्या यादीशी बोट ठेवून एकेक नाव ताडून बघितलं. मग चक्र बंद करून. मग प्रोजेक्टर लावून. मग मोबाईलवरचं गाणं लॅपटॉपवर वाजवत, मशीनला दम लागावा म्हणून. मग रेक्टरबाईंच्या जुन्या कॉम्प्युटरवर. मला एकदाही विचारलं नाही आता काय करू. तिचे वडील दरवेळी मागून विचारत होते, "आलं का?"

"नाही."

दहाव्या वेळी त्यांनी पुन्हा विचारलं.

"नाही आलं. तीच यादी आली बाबा. बरोबर आहे."

"बरोबर काय त्यात? तुझं नाव कुठं आहे?"

"नाही आहे," ती म्हणाली. "दहाच्या दहा वेळा नाही आहे." आणि खुर्ची मागे सरकवून हसली.

नाईककाकांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि रेक्टरबाईंना विचारलं, पुढच्या जूनमध्ये प्रोजेक्टर मिळेल ना.